घरातला कुत्रा रस्त्यावर सापडला तर

आधी तो कुत्रा रस्त्याचाच आहे की घरातून बाहेर काढलेला, हे ओळखा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला आपली हद्द माहीत असते, तो गाड्या चुकवतो. कानाला काप दिसला तर त्याची नसबंदी झालेली आहे. धडधाकट असेल तर त्याला तिथेच राहू द्या. घरातला कुत्रा सोडला तिथेच बसून राहतो. आमच्या पुण्यातल्या धायरी-नऱ्हे भागात हायवेच्या सर्व्हिस रोडवर असे लॅब्रॅडोर आणि पॉमेरेनियन मी पाहते. एखादी गाडी ओळखीची वाटली की तिच्यामागे थोडं पळतात आणि परत त्याच खांबापाशी येऊन बसतात. मानेवर पट्ट्याचा घासलेला वण असतो, फरशीवर राहून नखं वाढलेली असतात. माद्यांचे तर पिल्लं काढून काढून सड लोंबलेले असतात. पिल्लं विकण्याच्या धंद्याला उपयोग संपला की त्यांना बाहेर काढतात.

अशा कुत्र्याला रोज बिस्किटं घालून तिथेच ठेवू नका. गल्लीतली कुत्री त्याला टिकू देत नाहीत आणि रहदारी त्याला कळत नाही. शक्य असेल तर त्याच दिवशी हलवा.

पकडायला मागे धावू नका. थोडं अंतर ठेवून, त्याच्याकडे आडवी बाजू करून खाली बसा, डोळ्यांत रोखून बघू नका. उकडलेली कलेजी सोबत न्या, बिस्किटापेक्षा तिचा वास लवकर काम करतो. हळूहळू नावं घेत राहा: टॉमी, ब्रुनो, राणी, शेरू, सिंबा. एखाद्या नावाला कान हलला की अर्धं काम झालं. पट्टा नसेल तर ओढणीचा फास चालतो. गळपट्ट्याला एकदम हात घालू नका, घाबरलेला कुत्रा तिथेच चावतो. गाडीचं दार उघडून ठेवा. पुष्कळदा तो आपणहून आत चढतो, आणि ते बघून माझ्या पोटात दर वेळी तुटतं.

चावला किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना काही लावू नका. त्या कुत्र्याची लस झाली होती का, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, तेव्हा यात कसूर नको.

घरी आणण्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. वजन, ताप, हिरड्यांचा रंग आणि रक्त तपासून घ्या. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे फार आहे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर उद्यावर ढकलू नका. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, आहे का तेही बघायला सांगा. चिपमध्ये १५ आकडी नंबर असतो आणि त्यावरून मालक सापडू शकतो. गोचीड काढायला फिनेल किंवा रॉकेल अजिबात वापरू नका, आणि माणसांच्या तापाच्या, दुखण्याच्या गोळ्याही देऊ नका. कुत्रा जखमी असेल आणि पैशाची अडचण असेल तर पुण्यात रेस्क्यू किंवा ब्लू क्रॉस या संस्था, मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय यांना विचारा. धडधाकट कुत्रा मात्र संस्थेच्या दारात नेऊन बांधू नका, तिथली जागा जखमी जनावरांना लागते.

घरी एक खोली किंवा बंदिस्त बाल्कनी द्या. दोन आठवडे तुमच्या इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवा, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे संसर्गजन्य रोग आधी दिसत नाहीत. उपाशी कुत्र्यासमोर भरलेलं ताट ठेवू नका; भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-कांदा-लसूण न घालता, थोडं थोडं चार-पाच वेळा द्या. पहिले दिवस तो नुसता झोपेल किंवा दाराकडे तोंड करून बसेल. बसू द्या. नातेवाईक बघायला आले तर त्यांना परत पाठवा.

याच दोन आठवड्यांत मालक शोधा. प्रत्येक कुत्रा सोडून दिलेलाच असतो असं नाही. दिवाळीत फटाक्यांना बिथरून कितीतरी घरं सोडून पळतात. पोलिस चौकीत सांगा, जवळच्या दवाखान्यांत आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो द्या, पण एक खूण लपवून ठेवा. पोटावरचा डाग, तुटलेला दात, असं काही. हक्क सांगायला येईल त्याला ती खूण विचारा आणि लसीकरणाची वही, जुने फोटो मागा.

मुद्दाम सोडून दिल्याचा पुरावा असेल, गाडीचा नंबर किंवा सीसीटीव्ही, तर तक्रार जरूर करा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात भुकेने-तहानेने हाल होतील असं जनावर सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. याची मला चीड येते. तरीही तक्रार करा, कारण ज्याच्या घरी पोलिस येऊन जातात तो दुसरा कुत्रा आणताना विचार करतो.

मालक मिळाला नाही तर नवं घर बघा, पण नसबंदी झाल्याशिवाय कुत्रा हातातून सोडू नका. ‘हस्की फुकट’ असं वाचून सर्वांत आधी फोन येतो तो पिल्लं विकणाऱ्यांचा. हस्की ही तर मुळात थंड प्रदेशातली जात, पुण्याच्या एप्रिलसाठी नाही. एसी चालवणार का, बिल कोण भरणार, हे स्पष्ट विचारा. घर स्वतः जाऊन बघा. भाड्याचं असेल तर घरमालकाशी बोला. आजी-आजोबांना, कामाला येणाऱ्या मावशींना विचारा. घरात एकाचाही विरोध असेल तर मी देत नाही. ओळखपत्राची प्रत घ्या. पहिल्या आठवड्यात फोन करा, महिन्याने जाऊन या.

कुत्रा देताना नव्या घराशी करते त्या करारावर मी एक ओळ हाताने लिहिते: कुत्रा नको झाला तर परत माझ्याकडेच आणायचा. तसा फोन आला तर ‘का?’ विचारत बसू नका. पत्ता घ्या, पट्टा घ्या आणि निघा.