मोटरचं वाइंडिंग किती तापेल हे आधीच कसं काढायचं

बहुतेक जण एकच घोळ करतात, मीही केलाय. थंड मोटरचा रेझिस्टन्स मोजायचा, करंटचा वर्ग करून गुणायचं, आला लॉस (उष्णतेत जाणारे वॅट), तो थर्मल मॉडेलमध्ये (वॅटवरून तापमान काढायच्या हिशोबात) टाकायचा आणि तापमान बघून खूश व्हायचं. पण कॉपर तापलं की रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे लॉस वाढतो, म्हणजे अजून तापतं. हे चक्र मॉडेलमध्ये नसेल तर उत्तर हमखास कमी येणार.

आकड्यातच बघा. छोटी थ्री फेज मोटर, स्टार कनेक्शन, २५ डिग्रीला फेज रेझिस्टन्स ५० मिलीओहम, करंट ४० अँपिअर आरएमएस. तिन्ही फेजचा मिळून कॉपर लॉस २४० वॅट. वाइंडिंगपासून बाहेरच्या हवेपर्यंतचा थर्मल रेझिस्टन्स ०.३ डिग्री प्रति वॅट धरा आणि बाहेर ४० डिग्री. सरळ हिशोबाने ४० + ७२ = ११२ डिग्री, इन्सुलेशनचा क्लास बी म्हणजे १३० च्या आत, पास! आता ११२ डिग्रीचा रेझिस्टन्स काढा. सूत्र सोपं आहे, थंड रेझिस्टन्सला (२३४.५ + गरम तापमान) ने गुणायचं आणि (२३४.५ + थंड तापमान) ने भागायचं. लॉस होतो ३२० वॅट, तापमान १३६. परत काढा, १४३. असं करत करत साधारण १४५ वर थांबतं. नापास. चार ओळींचा लूप एक्सेलमध्ये पण होतो, आणि तापमान थांबायचं नावच घेत नसेल तर समजा तेवढ्या करंटला ती मोटर जळणारच.

थंड रेझिस्टन्स मोजताना साधा मल्टिमीटर नको, इतक्या कमी रेझिस्टन्सला प्रोबचा रेझिस्टन्सच मध्ये येतो. बेंच सप्लायने ५ अँपिअर डीसी सोडा आणि दुसऱ्या दोन वायरींनी थेट टर्मिनलवर व्होल्टेज बघा. दोन टर्मिनलमध्ये अर्धा व्होल्ट आला तर १०० मिलीओहम, म्हणजे फेजचा ५०.

आता एसी लॉस, म्हणजे करंट उलटसुलट होत असल्यामुळे तारेत होणारा जादा लॉस, इथे लोक एकतर घाबरतात नाहीतर सोडूनच देतात. २० पोलची मोटर ३००० आरपीएमला फिरली की फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्झ, त्याला कॉपरची स्किन डेप्थ (एसी करंट तारेच्या पृष्ठभागापासून साधारण जितका खोल जातो ते अंतर) जवळपास ३ मिमी, त्यामुळे १ मिमीच्या तारेत स्किन इफेक्टचं टेन्शन नाही. त्रास देतो तो प्रॉक्सिमिटी इफेक्ट, म्हणजे स्लॉटमधलं (ज्या खाचेत वाइंडिंग बसतं तिथलं) लीकेज फील्ड तारेला आडवं कापतं आणि आत एडी करंट फिरवतं. हे फील्ड स्लॉटच्या तोंडाशी सगळ्यात जास्त, म्हणून एअर गॅपजवळच्या (रोटरकडच्या फटीजवळच्या) तारा जास्त तापतात. बारीक गोल तारेसाठी दर मीटरचा लॉस = पाय (π) × व्यासाचा चौथा घात × ओमेगा (२π × फ्रिक्वेन्सी) वर्ग × फील्डच्या पीकचा वर्ग ÷ (१२८ × रेझिस्टिव्हिटी). फील्ड फेममधून (FEMM) काढा, फ्री सॉफ्टवेअर आहे, एका स्लॉटचं टूडी मॉडेल पुरतं.

यात एक गंमत आहे. रेझिस्टिव्हिटी खाली आहे, म्हणजे तापलं की हा लॉस कमी होतो! म्हणून डीसी आणि एसी लॉस वेगळे ठेवा, तापमानाच्या फॅक्टरने डीसी गुणायचा आणि एसी भागायचा, दोन्ही एकत्र करून वर तापमानाचा फॅक्टर लावलात की वेगाने फिरणाऱ्या मोटरचं उत्तर उगाच फुगतं. आणि एका टर्नमध्ये सात-आठ तारा पॅरलल असतील तर त्यांच्यात आपापसात फिरणारा करंट या सूत्रात येतच नाही, तो वेगळा बघावा लागतो.

थर्मल बाजूला सुरुवातीला पाच-सहा नोड (ज्यांचं तापमान वेगळं काढायचं असे भाग) जोडलेलं नेटवर्क बास: स्लॉटमधलं कॉपर, एंड वाइंडिंग (स्लॉटच्या बाहेर आलेला भाग), टूथ (दोन स्लॉटमधलं लोखंड), योक (त्यामागची लोखंडी रिंग), बॉडी, हवा. कॉपरची थर्मल कंडक्टिव्हिटी ४०० (वॅट प्रति मीटर प्रति डिग्री) च्या आसपास, पण ती फक्त तारेच्या लांबीत. आडव्या दिशेला उष्णता इनॅमल (०.२ च्या आसपास), वार्निश आणि अडकलेली हवा (०.०२६) यातून जाते, त्यामुळे वार्निश नीट शिरलं नसेल तर मॉडेल कितीही भारी असो, उत्तर चुकतं. हा आकडा पुस्तकातून घेऊ नका, मोजा. रोटर जागेवर ठेवून वाइंडिंगमधून डीसी सोडा, लॉस फक्त कॉपरचा, आणि तापमान तर व्होल्टेज भागिले करंटवरूनच कळतं, सेन्सर पण नको. तापमान स्थिरावलं की वाढ भागिले वॅट, झाला तुमचा थर्मल रेझिस्टन्स. फक्त स्टार पॉइंट उघडून तिन्ही फेज सिरीजमध्ये लावा. एका टर्मिनलमधून आत आणि दोनमधून बाहेर केलंत तर पहिल्या फेजमध्ये चौपट उष्णता होते आणि सगळं रीडिंग वाकडं येतं.

थोड्या वेळाच्या ओव्हरलोडला मात्र हे नेटवर्क सोडून द्या. १० अँपिअर प्रति चौरस मिमीला कॉपर दर सेकंदाला अर्धा डिग्री चढतं, दुप्पट करंटला दोन डिग्री. घाटात स्कूटर ३० सेकंद जोर लावून चढवली की ६० डिग्री वाढले, आणि बॉडीला हात लावाल तर अजून गारच. रेझिस्टन्सवरून येतं ते सरासरी तापमान, सगळ्यात गरम जागा त्याहून वर असते, म्हणून वार्निश करण्याआधीच एक थर्मोकपल (तारेसारखा तापमानाचा सेन्सर) एंड वाइंडिंगच्या मधोमध खुपसून ठेवा, नंतर तो आत जात नाही.