समाज नको, जागा वाटा: पेठांच्या इतिहासाचा शालेय प्रकल्प

स्थानिक इतिहासाचा प्रकल्प बहुतेक वेळा विषयवाटपातच फसतो. पुण्यात एका गटाला तांबट, दुसऱ्याला बोहरी, तिसऱ्याला बेने इस्रायल (मराठी बोलणारे ज्यू) असे समाज वाटले जातात. मग तक्त्यावर पोशाख, सण आणि खाद्यपदार्थांची चित्रं चिकटतात. ज्या मुलीचं आडनाव त्या समाजातलं, तिच्याकडे सगळा वर्ग माहितीसाठी वळतो. तिला ते नकोसं होऊ शकतं, आणि तिने ते का सोसावं?

म्हणून समाज वाटू नका, जागा वाटा. पुण्याच्या कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची तांबट आळी आणि शेख सल्ल्याचे दर्गे पायी अंतरावर आहेत. रास्ता पेठेत १९२१ चं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, तर कॅम्पात १८६७ चं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच. गटाला यातला एकच तुकडा द्या आणि सोबत एक प्रश्न द्या. ‘तांबट आळीचा इतिहास’ हा प्रश्न नव्हे. ‘इथला हंडा पूर्वी कोण घ्यायचं, आज कोण घेतं?’ हा प्रश्न आहे. त्यामागे गेलं की पत्रा पुरवणारा, तो ठोकून मठारणारा, कल्हई करणारा आणि गिऱ्हाईक असे वेगवेगळ्या घरांतले लोक आपोआप भेटतात.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी पानशेतचा, म्हणजे धरण फुटून पुण्यात आलेला, पूर घ्यावा. १२ जुलै १९६१ ही तारीख पक्की आहे, त्या दिवसांची वर्तमानपत्रं ग्रंथालयात पाहता येतात, आणि तेव्हा दहा वर्षांचे असलेले लोक आज सत्तरीपार आहेत. हा विषय पुढच्या वर्षावर ढकलू नका. प्रश्न दोनच: पाणी आलं तेव्हा घर कुठे होतं, आणि नंतर राहायला कुठे गेलात? जात न विचारताही वाड्याचे मालक, भाडेकरू आणि नदीकाठच्या वस्तीतले लोक यांची उत्तरं किती वेगळी येतात ते मुलांना दिसतं. दोन्ही ठिकाणं शहराच्या नकाशावर टाचणीने खुणावून दोऱ्याने जोडा. वीसेक दोरे झाले की पूरग्रस्त जिथे राहायला गेले त्या गोखलेनगर, सहकारनगरसारख्या भागांचा विषय वर्गात मुलंच काढतात.

गट पाच जणांचा ठेवा, पण घरात तिघेच जातील: एक विचारणारा, एक टिपणारा, एक रेकॉर्डिंग करणारा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण शिरले की बोलणारी आजी आखडते. बाकीचे दोघे बाहेर आळीचा आराखडा काढतात. परवानगी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी घ्या, आणि सुरू झाल्यावर ती आवाजातही येऊ द्या. अर्धा तास पुरे. दहा मिनिटांचं बोलणं उतरवायला नवख्या मुलांना सहज तासभर लागतो, म्हणून निवडक दहा मिनिटंच शब्दशः उतरवा. उरलेल्याची मिनिटवार यादी करा.

लिहिताना सगळ्यात जास्त घसरण होते ती ‘हा समाज कष्टाळू आहे’ छापाच्या वाक्यांत. नियम एकच ठेवा: प्रत्येक वाक्यापुढे कोणी सांगितलं किंवा कुठे पाहिलं ते लिहायचं. नाही लिहिता आलं तर वाक्य खोडायचं. आठवण आणि छापील मजकूर जुळत नसेल तर दोन्ही शेजारी ठेवा. आजीला खोटं पाडायची घाई करू नका. छापील कागदात सगळ्यांचं बोलणं आलेलं नसतं. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात १८५५ साली आलेला मुक्ता साळवे यांचा निबंध आधी वर्गात वाचून घ्या. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला तो मजकूर ऐकला की शाळकरी वयातलं लिखाणही इतिहासाचं साधन ठरतं, हे वेगळं समजवावं लागत नाही.

वेळ सहा आठवड्यांचा धरा. पावसाळ्यात फिरणं होत नाही, गणपतीत मंडळांना सवड नसते आणि डिसेंबर अखेरीस स्नेहसंमेलनं येतात. दिवाळीची सुट्टी संपताच सुरुवात करा. पहिला आठवडा पायी फेरी आणि प्रश्न घडवणं, पुढचे दोन मुलाखती, चौथा कागदपत्रं, पाचवा लेखन.

सहावा आठवडा मजकूर माणसांकडे परत नेण्यासाठी राखून ठेवा, तो कापू नका. ज्यांनी सांगितलं त्यांना उतारा वाचून दाखवायचा आणि ते म्हणतील ती ओळ काढायची. तक्ते शाळेत लावण्याआधी त्याच आळीतल्या तालमीत किंवा मंडळाच्या खोलीत दोन दिवस लावा. तिथे शेजारी येऊन चुका सांगतात. त्यांच्यासाठी तक्त्याखाली कोरा कागद आणि पेन बांधून ठेवा.