नीटचे गुण, पर्सेंटाइल आणि रँक: हिशेब करताना या चुका टाळा

नीट-यूजीचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की घरातला प्रत्येक जण निकालपत्रावरचा वेगळाच आकडा धरून बसतो. वडील ७२० पैकी किती ते बघतात, मामा पर्सेंटाइल वाचून पेढे आणायला निघतात आणि शेजारचा मुलगा गेल्या वर्षीचा कटऑफ सांगून सगळ्यांना घाबरवून सोडतो. यातले बरेच गैरसमज पैसा आणि वेळ दोन्ही खातात. कोणी मिळणारी जागा सोडून रिपीटचा निर्णय घेतो, तर कोणी मिळणारच नाही अशा कॉलेजच्या आशेवर फेऱ्या घालवतो. म्हणून दरवर्षी पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे सविस्तर लिहितो आहे.

चुकलेल्या उत्तराचा फक्त एक गुण वजा करणं

२०२५ पासून पेपर पुन्हा १८० प्रश्नांचा झाला: भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९०. सगळे प्रश्न सक्तीचे, वेळ १८० मिनिटं. २०२१ ते २०२४ या काळात २०० पैकी १८० सोडवायचे असत. त्या वर्षांचे पेपर सरावाला घेतले असतील, तर हा फरक ध्यानात ठेवूनच गुण मोजा.

बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १, सोडलेल्याला शून्य, हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही घरी आकडेमोड करताना ‘वीस चुकले, म्हणजे वीस गुण गेले’ असं सर्रास म्हटलं जातं. गेलेले असतात शंभर. चुकलेल्या प्रश्नाचे मिळू शकणारे चार गुणही गेले आणि वर एक कापला गेला. म्हणून उलटा हिशेब सोपा पडतो: ७२० मधून प्रत्येक सोडलेल्या प्रश्नाचे ४ आणि प्रत्येक चुकलेल्याचे ५ वजा करा. १५० बरोबर, २० चूक, १० सोडलेले असतील तर ७२० − १०० − ४० = ५८०. सरळ मोजलं तरी ६०० − २० = ५८० च येतात. दोन्ही रीतींनी उत्तर सारखं आलं नाही, तर कुठेतरी प्रश्न मोजताना गफलत झाली आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. ७२० च्या खाली लगेच ७१६ येतात (एक सोडला) किंवा ७१५ (एक चुकला). त्यानंतर थेट ७१२, ७११ आणि ७१०. मधले आकडे येऊच शकत नाहीत. २०२४ मध्ये काही निकालपत्रांवर ७१८ आणि ७१९ दिसले, तेव्हा देशभर गदारोळ झाला तो यामुळेच. वेळ वाया गेल्याची भरपाई म्हणून १५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले होते. ते पुढे रद्द झाले आणि त्या विद्यार्थ्यांसाठी २३ जून २०२४ ला फेरपरीक्षा घेतली गेली.

अंदाजाने उत्तर द्यावं का, हा प्रश्नही इथलाच. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर सरासरी फायदा प्रश्नामागे पाव गुणाचा. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर तो दीड गुणांवर जातो. माझं मत स्पष्ट आहे: दोन पर्याय उरले असतील तर प्रश्न सोडू नका आणि काहीच कळत नसेल तर गोल रंगवू नका. चाळीस प्रश्नांवर आंधळे गोल मारले तर कागदावर दहा गुण वाढलेले दिसतात. प्रत्यक्षात एखाद्याचे तेवढे कमीही होतात, आणि चुकांचं प्रमाण पुढे समान गुणांच्या वेळी नडतं ते वेगळंच.

तात्पुरत्या उत्तरसूचीवरून गुण पक्के धरणं

परीक्षा घेणारी संस्था एनटीए आधी तात्पुरती उत्तरसूची आणि ओएमआरची (गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेची) प्रत देते. ती पाहताना पहिली चूक होते ती कोडची. आपल्या प्रश्नपुस्तिकेचा कोड एक आणि पडताळणी दुसऱ्याच कोडच्या सूचीवरून, असं झालं की पाचशेचे दीडशे दिसतात आणि घरात रडारड सुरू होते. अनपेक्षित आकडा आला तर सगळ्यात आधी कोड बघा. दुसरं, प्रश्नपुस्तिकेवर केलेल्या खुणांवरून मोजू नका. ओएमआरवर काय रंगवलं तेच खरं. एका प्रश्नाला दोन गोल रंगवले असतील तर ते उत्तर चूकच धरलं जातं.

अंतिम सूचीत बदल होऊ शकतात आणि त्यांचे नियम ठरलेले आहेत. एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर ठरले, तर त्यांपैकी एखादा निवडलेल्यांनाच चार गुण मिळतात. प्रश्नच रद्द झाला, तर परीक्षेला बसलेल्या सगळ्यांना चार मिळतात, मग तो सोडवलेला असो वा नसो. ‘प्रश्न रद्द झाला, माझा फायदा झाला’ म्हणणाऱ्यांनी म्हणूनच थोडं थांबावं. सगळ्यांचेच गुण वर सरकले की ज्याचं उत्तर आधीच बरोबर धरलं होतं, त्याची रँक खाली जाते.

२०२४ चा भौतिकशास्त्रातला अणूविषयीचा प्रश्न आठवून पाहा. आधी दोन पर्यायांना गुण दिले गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर असल्याचं सांगितलं आणि लाखो विद्यार्थ्यांचे गुण कमी झाले. ७२० पैकी ७२० मिळालेले आधी ६७ जण होते, सुधारित निकालात १७ उरले. उत्तरसूचीवर हरकत घ्यायची असेल तर ती दिलेल्या मुदतीतच घ्यावी लागते. निकालानंतर उत्तरपत्रिका फेरतपासणीची सोय नाही.

पर्सेंटाइलला टक्के समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे शंभरात किती. तुम्हाला पेपर किती आला याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गाच्या पात्रतेसाठी ५० पर्सेंटाइल लागत होतं आणि ते १४४ गुणांवर आलं. ७२० पैकी १४४ म्हणजे जेमतेम २० टक्के!

आता वरच्या टोकाला बघा. त्या वर्षी सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थी बसले होते. ९९ पर्सेंटाइल ऐकायला भारी वाटतं, पण त्याचा अर्थ पुढे बावीस हजार मुलं आहेत. ९५ पर्सेंटाइलच्या पुढे एक लाख दहा हजार. मामांनी पेढे जरूर आणावेत, पण पर्सेंटाइल शंभरातून वजा करून उरलेला भाग एकूण विद्यार्थ्यांना लावून मगच कॉलेजची चर्चा सुरू करावी.

विषयवार पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइल जुळत नाही म्हणून तक्रार करणारेही भेटतात. ते जुळणारच नाही. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढलं जातं.

नॉर्मलायझेशनचा, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांतले गुण एका पातळीवर आणण्याचा, गोंधळही इथेच मिटवू. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून तिथे सत्रनिहाय पर्सेंटाइल काढावं लागतं. नीट २०२५ एकाच दिवशी, एकाच सत्रात, ओएमआरवर झाली. तिथे मिळालेले गुण जसेच्या तसे धरले गेले. आणि एमबीबीएसच्या गुणवत्ता यादीत सीईटीचे किंवा बारावीचे गुण कुठेच मिळवले जात नाहीत. बारावीची किमान टक्केवारी ही फक्त पात्रतेची अट आहे.

‘क्वालिफाय झालो’ म्हणजे जागा मिळाली असं मानणं

२०२५ मध्ये १२ लाख ३६ हजारांच्या आसपास विद्यार्थी पात्र ठरले. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पात्र दहा, जागा एक. पात्रतेचा उपयोग बीडीएस (दंतवैद्यक) आणि बीएएमएससाठी (आयुर्वेद) आहे, परदेशात एमबीबीएसला जायचं असलं तरी ती लागते, पण सरकारी एमबीबीएसची ती हमी नाही.

ओबीसी, एससी आणि एसटी प्रवर्गांसाठी पात्रता ४० पर्सेंटाइलची. हे ४० पर्सेंटाइल सगळ्या विद्यार्थ्यांच्या सामाईक यादीतलं असतं, त्या प्रवर्गाच्या वेगळ्या यादीतलं नव्हे. २०२५ मध्ये ते ११३ गुणांवर आलं. ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाला) मात्र पात्रतेत सवलत नाही, त्यांनाही ५० च लागतं. पुष्कळ पालकांना हे प्रमाणपत्र काढून झाल्यावर कळतं.

मागच्या वर्षीचे गुण यंदाच्या गुणांना लावणं

२०२४ मध्ये ६५० गुणांवर रँक तीस हजारांच्या आसपास गेली होती. २०२५ चा भौतिकशास्त्राचा पेपर कमालीचा कठीण निघाला, पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचेच गुण ६८६ होते आणि ६५० च्या वर शंभर मुलंही नव्हती. त्या वर्षी मे महिन्यात कितीतरी हुशार मुलं ५५० चा अंदाज काढून खचून बसली होती, कारण समोर आधीच्या वर्षाचा तक्ता होता. त्या मुलांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून फार वाईट वाटलं. गरजच नव्हती त्याची. तुलना करायचीच असेल तर रँकची रँकशी करा. मागच्या वर्षी अमुक कॉलेज कोणत्या रँकला बंद झालं ते बघा, गुणांचा रकाना सरळ झाकून टाका.

रँक ठरवताना गुण समान असतील तर आधी जीवशास्त्र, मग रसायनशास्त्र, मग भौतिकशास्त्राचे गुण बघतात. तरीही बरोबरी राहिली तर चुकीच्या उत्तरांचं बरोबर उत्तरांशी प्रमाण कमी असलेला वर जातो.

देशातली रँक आणि राज्यातला क्रमांक एकच समजणं

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा एमसीसीच्या (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या) अखिल भारतीय फेऱ्यांतून भरतात. उरलेल्या राज्याच्या जागा महाराष्ट्रात सीईटी सेल (राज्याचा प्रवेशपरीक्षा कक्ष) भरतो. त्यासाठी तिथे वेगळी नोंदणी करावी लागते. नोंदणी केलेल्यांची राज्य गुणवत्ता यादी लागते आणि तिथला क्रमांक अखिल भारतीय रँकपेक्षा बराच लहान असतो. एमसीसीचा कटऑफ पाहून राज्याचा फॉर्मच न भरणं ही हातची जागा घालवणारी चूक आहे.

प्रवर्गही दोन्हीकडे सारखे नाहीत. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग), व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती) हे राज्याचे प्रवर्ग. केंद्रीय फेरीत एसईबीसीचा विद्यार्थी खुल्या गटात येतो, किंवा निकषांत बसत असेल तर ईडब्ल्यूएसमध्ये. व्हीजे-एनटीतल्या जातीचं नाव केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तिथे ओबीसीचा लाभ मिळतो, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं. राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही.

जुने तक्ते चाळताना वर्षही तपासा. महाराष्ट्रातला ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांना) २०२० मध्ये रद्द झाला. त्याआधीचे मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभागवार कटऑफ आज कोणत्याही प्रवर्गासाठी वापरू नका.