डीव्हीचा अर्ज टाकताना: संरक्षण आदेश कसा मागायचा

आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल तर हे वाचत बसू नका, ११२ लावा, नाहीतर महिला हेल्पलाइन १८१. बाकीचं नंतर.

बाई पोलिस स्टेशनला जाते, तिथे एनसी (अदखलपात्र, म्हणजे पोलिस स्वतःहून तपास करत नाहीत अशी नोंद) लिहून घेतात, घरचं भांडण आहे समजुतीने घ्या म्हणतात आणि ती परत त्याच घरात जाते, हे फार होतं म्हणून लिहितेय. एनसीने मारणाऱ्याचा हात थांबत नाही. थांबवायला कोर्टाचा संरक्षण आदेश लागतो आणि तो मिळतो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली, ज्याला सगळे डीव्ही ॲक्ट म्हणतात. त्यासाठी आधी एफआयआर पाहिजेच असं काही नाही. फौजदारी केस, म्हणजे नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८अ, ती वेगळी, दोन्ही सोबत चालू शकतात.

हा कायदा फक्त बायकोसाठी नाही, लग्नासारखं एकत्र राहणारी जोडीदार, आई, बहीण, विधवा सून पण अर्ज करू शकते. आणि सासू-नणंदेविरुद्ध पण करता येतो, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये ते स्पष्ट केलंय. अर्ज मॅजिस्ट्रेट कोर्टात जातो, आणि तुम्ही सध्या जिथे राहताय, अगदी तात्पुरत्या माहेरी आला असाल तरी, तिथल्या कोर्टात चालतो. सासरच्या गावी तारखांना जायची गरज नाही.

वकील परवडत नसेल तर अडून बसू नका. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, ते घटनेचा रिपोर्ट म्हणजे डीआयआर भरतात आणि अर्जाला मदत करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, नंबर १५१००.

आता मुख्य गोष्ट, अर्जातला मजकूर. "नेहमी त्रास देतो" एवढंच लिहिलं तर जज काय करणार? कधी, कुठे, कशाने मारलं, कोण होतं, काय बोलला, ते तारखेसकट लिहा, तारीख आठवत नसेल तर गणपतीच्या आधी, मुलाच्या परीक्षेच्या वेळी असं लिहा. पैसे न देणं, शिव्या, डांबून ठेवणं, जबरदस्तीचा संबंध, हे सगळं हिंसाच आहे, लाज वाटते म्हणून गाळू नका. व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, आणि दवाखान्यात गेलात तर बाथरूममध्ये पडले असं कृपा करून सांगू नका, खरं सांगा, तो कागद पुढे पुरावा होतो.

आणि काय पाहिजे ते एकेक करून मागा. मारायचं नाही, फोन-मेसेज करायचे नाहीत, ऑफिसला किंवा मुलांच्या शाळेत यायचं नाही, मदत करणाऱ्या माझ्या भावाला धमकावायचं नाही, लॉकरमधलं स्त्रीधन हलवायचं नाही. घरात राहायचा हक्क, पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा याच अर्जात मागता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून हक्क नाही असं घाबरवतात, पण तुम्ही नवऱ्यासोबत तिथे नांदत होता तर दावा करता येतो, २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, प्रत्यक्षात केस लांबते, म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज प्रतिज्ञापत्रासोबत जोडाच. धोका दिसला तर कोर्ट समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेश देऊ शकतं.

आदेश हातात आला की प्रत फुकट मिळते, झेरॉक्स काढून एक पर्समध्ये, एक माहेरी, आणि पोलिस स्टेशनला प्रत पोचली का ते स्वतः जाऊन विचारा. त्याने संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा मात्र एनसीवर परत यायचं नाही, आदेश पुढे ठेवायचा आणि गुन्हा नोंदवा म्हणायचं.