एन्क्रिप्टेड फोनवर भरवसा ठेवण्यापूर्वी काय तपासावे

‘हॅक न होणारा’ म्हणून विकला जाणारा खास फोन विकत घेऊ नये. गुन्हेगारी टोळ्यांनी विश्वासाने वापरलेले ‘अनोम’चे सुमारे 12,000 फोन ज्या सेवेवर चालत होते, ती सेवाच अमेरिकेची एफबीआय चालवत होती, हे जून 2021 मध्ये उघड झाले, तोवर 2 कोटी 70 लाख संदेश तपास यंत्रणांच्या हाती लागले होते. त्याआधी 2020 मध्ये फ्रेंच पोलिसांनी ‘एन्क्रोचॅट’ या तशाच सेवेच्या फोनमध्येच छुपे सॉफ्टवेअर पोहोचवले होते. एन्क्रिप्शन, म्हणजे इतरांना वाचता येऊ नये म्हणून संदेश सांकेतिक रूपात बदलणे, संदेशाला वाटेत जपते, दोन्ही टोकांच्या फोनना नाही. पत्रकाराने, वकिलाने किंवा घरातच जिच्यावर पाळत ठेवली जाते अशा स्त्रीने हे आधी समजून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

म्हणून साधाच फोन घ्यावा, त्याचे अपडेट वेळेवर करावेत आणि सिग्नलसारखे, ज्याचा प्रोग्रॅम कोणालाही तपासता येतो, असे अ‍ॅप वापरावे. साधा कॉल आणि एसएमएस यांना असे संरक्षण नसते.

त्यानंतर समोरची व्यक्ती खरोखर तीच आहे ना, हे पडताळावे. व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटमधील नावावर टॅप करून ‘एन्क्रिप्शन’ उघडले, की क्यूआर कोड आणि 60 अंकी क्रमांक दिसतो. दोघे समोरासमोर असताना एकाने दुसऱ्याचा कोड स्कॅन करावा. भेट शक्य नसेल, तर ओळखीचा आवाज ऐकू येणाऱ्या कॉलवर अंक वाचून जुळवावेत. पुढे कधी कोड बदलल्याची सूचना आली, तर बहुधा फोन बदललेला किंवा अ‍ॅप पुन्हा टाकलेले असते. तरीही खात्री होईपर्यंत नाजूक विषय काढू नये.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे ‘लिंक्ड डिव्हाइसेस’, म्हणजे आपल्या खात्याला जोडलेल्या इतर उपकरणांची यादी. कोणी काही मिनिटे फोन हाताळून आपले खाते स्वतःच्या लॅपटॉपला जोडले, तर एन्क्रिप्शन शाबूत असूनही सगळे संदेश त्याला दिसत राहतात. ही यादी नियमित पाहावी आणि अनोळखी उपकरण लगेच लॉग आउट करावे. मात्र पाळत ठेवणारा घरातलाच असेल, तर त्याला हे कळू शकते, त्यामुळे आधी स्वतःच्या सुरक्षिततेची सोय करावी.

व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लाउड बॅकअपचे, म्हणजे इंटरनेटवर साठवलेल्या चॅटच्या प्रतीचे, एन्क्रिप्शन वेगळे सुरू करावे लागते. ते सेटिंग्जमधील ‘चॅट बॅकअप’मध्ये सुरू करून पासवर्ड जपून ठेवावा आणि समोरच्यालाही तसेच करायला सांगावे, कारण आपले शब्द त्याच्याही बॅकअपमध्ये असतात.