वूलिचमध्ये घर घेण्यापूर्वी

लंडनमध्ये नोकरीसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात आता हॅरो, वेम्ब्ली, हाउन्स्लो या जुन्या नावांच्या जोडीला वूलिचचे नावही वारंवार येऊ लागले आहे. २४ मे २०२२ रोजी एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे सुरू झाली आणि थेम्सच्या दक्षिण काठावरचे, एके काळी तोफा व दारूगोळ्याच्या कारखान्यासाठी ओळखले जाणारे हे उपनगर कॅनरी वॉर्फपासून दुसरे स्थानक झाले. रॉयल आर्सेनल या त्या कारखान्याच्या जुन्या विटकरी इमारतींभोवती उंच मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या विक्री कार्यालयांत आपली मंडळी शनिवार-रविवारी दिसू लागली. मी या भागात बरीच वर्षे राहत असल्याने नवीन आलेले अनेक जण घराच्या किमतीविषयी मला विचारतात. माझ्या मते किमतीचा प्रश्न नंतरचा आहे. आपल्या आणि आपल्या जोडीदाराच्या नावावर भारतात काय आहे, हे आधी पाहावे.

याचे कारण इथले मुद्रांक शुल्क. पहिलेच घर घेणाऱ्याला ३,००,००० पौंडांपर्यंत शुल्क माफ असते आणि त्यापुढे ५,००,००० पौंडांपर्यंतच्या रकमेवर ५ टक्के द्यावे लागतात. मात्र ‘पहिले घर’ म्हणजे इंग्लंडमधले पहिले नव्हे, तर जगात कुठेही घेतलेले पहिले. पुण्यात किंवा ठाण्यात नोकरीच्या सुरुवातीच्या काळात कर्ज काढून घेतलेला फ्लॅट असेल, तर ही सवलत संपली. तो फ्लॅट अजून आपल्याकडे असेल आणि त्यातील आपल्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड, म्हणजे साधारण ४५ ते ५० लाख रुपये, किंवा त्याहून अधिक असेल, तर इथले घर ‘अतिरिक्त घर’ ठरून संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के अधिभार लागतो. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४,५०,००० पौंडांच्या फ्लॅटवर खऱ्या अर्थाने पहिले घर घेणारा ७,५०० पौंड शुल्क भरतो. पुण्यात फ्लॅट असलेल्याला त्याच घरावर ३५,००० पौंड भरावे लागतात. नवरा-बायकोपैकी एकानेच घर घेतले तरी अधिभारासाठी दुसऱ्याच्या नावावरची मालमत्ताही धरली जाते, त्यामुळे ‘फ्लॅट तर हिच्या नावावर आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. आई-वडिलांनी सोयीसाठी आपले नाव लावून ठेवलेले घर, गावच्या वाड्यातला वारसाहक्काचा हिस्सा, हे सारे सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाला, पहिल्याच भेटीत सांगावे. वारशाने आलेला निम्मा किंवा त्याहून लहान हिस्सा पहिली ३ वर्षे अधिभारासाठी मोजला जात नाही, पण पहिल्या घराची सवलत त्यानेसुद्धा जाते. याखेरीज, खरेदीपूर्वीच्या वर्षभरात ज्यांचे या देशातील वास्तव्य १८३ दिवसांहून कमी आहे त्यांना २ टक्के वेगळा अधिभार पडतो. पुढे वास्तव्याची अट पूर्ण झाल्यास तो परत मागता येतो. तरीही विमानातून उतरल्या उतरल्या घर शोधू नये, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

भारतातून पैसे आणायचे असतील तर कागदपत्रांना घर शोधण्याच्या आधीच लागावे. निवासी भारतीय आई-वडिलांना प्रत्येकी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, आणि अनिवासी व्यक्तीला आपल्या एनआरओ (अनिवासींसाठीच्या भारतातील रुपयांच्या) खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते. इथला सॉलिसिटर मात्र रकमेवर समाधान मानत नाही. ती कुठून आली हे तो विचारतो. जमीन विकली असेल तर विक्रीखत, मुदत ठेव मोडली असेल तर तिची पावती, आणि ही रक्कम भेट आहे, घरात आमचा हिस्सा राहणार नाही असे आई-वडिलांचे सहीनिशी पत्र, एवढे सगळे लागते. जुन्या खरेदीखताचे मराठीतून भाषांतर करून घेण्यात अनेकांचे आठवडे जातात.

आता फ्लॅटकडे वळू. वूलिचमधले जवळजवळ सर्व नवे फ्लॅट लीजहोल्ड आहेत, म्हणजे आपण जागा १२५, २५० किंवा ९९९ वर्षांसाठी घेतो आणि इमारतीखालची जमीन दुसऱ्याचीच राहते. मुंबई-पुण्यात सोसायटीचे सभासद म्हणून सर्वसाधारण सभेत आवाज चढवण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हा बदल जड जातो, कारण इथे बहुतेक ठिकाणी व्यवस्थापन कंपनी अंदाजपत्रक ठरवते आणि बिल आपल्या हाती पडते. व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, चोवीस तास बसणारा दारातला माणूस, या सगळ्याचा खर्च सर्व्हिस चार्जमध्ये येतो आणि तो वर्षाला काही हजार पौंडांच्या घरात जाऊ शकतो. गेल्या ३ वर्षांचे हिशेब मागवून घ्यावेत आणि पुढे कोणती मोठी दुरुस्ती काढायची आहे ते लेखी विचारावे. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट, म्हणजे जमिनीच्या मालकाला द्यायचे भाडे, घेता येत नाही, पण त्यापूर्वीचा फ्लॅट रिसेलमध्ये घेताना ग्राउंड रेंट किती आणि किती वर्षांनी वाढतो ही कलमे स्वतः वाचावीत. अनेक नव्या इमारतींत गरम पाणी व उष्णता एकाच सामायिक यंत्रणेतून येते; तिथे पुरवठादार बदलता येत नाही आणि विजेच्या व गॅसच्या दरांना असलेली सरकारी कमाल मर्यादा त्या बिलाला लागू होत नाही. इमारतीच्या बाहेरील आवरणाचा प्रश्नही सोडू नये. बाहेरील आवरणातून पसरलेल्या, १४ जून २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे गेली, आणि तेव्हापासून अग्निसुरक्षेचे समाधानकारक कागद नसलेल्या उंच इमारतीतील फ्लॅटवर गृहकर्ज मिळणे अवघड होऊन बसले आहे.

‘वर येणारा भाग’ या शब्दांत भविष्याची किंमत आजच वसूल केली जाते. एलिझाबेथ लाइनच्या मूळ प्रस्तावात वूलिचला स्थानकच नव्हते, ते नंतर मिळाले. आणि डिसेंबर २०१८ मध्ये धावायची असलेली गाडी साडेतीन वर्षे उशिरा धावली. त्या आशेवर चढ्या किमतीला घर घेतलेल्यांनी तेवढा काळ जुन्याच गाड्यांनी प्रवास केला. आज स्थानक आहे, पण त्याची किंमतही घरांच्या किमतीत पूर्ण मुरलेली आहे. पूर्वेला थेम्समीडपर्यंत डीएलआर ही हलकी रेल्वे नेण्याच्या योजनेचे नकाशे दाखवून आता तिकडची घरे विकली जातील. जी गाडी धावत नाही तिच्यासाठी एक पौंडही जास्त देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी आज जे आहे ते पायी फिरून पाहावे, आणि शक्य असेल तर वर्षभर इथेच भाड्याने राहावे. नदीकाठची नवी वसाहत आणि रस्त्यापलीकडचे जुने वूलिच ही दोन वेगळी गावे वाटावीत इतका फरक त्यांच्यात आहे; बेरेसफर्ड स्क्वेअरचा बाजार आणि पोविस स्ट्रीट भर दुपारी जसे दिसतात तसे रात्री १० वाजता दिसत नाहीत. घरे पाहायला आपण बहुधा शनिवारी दुपारी जातो, आणि नेमके त्याच वेळी नदीपलीकडचे लंडन सिटी विमानतळ रविवार दुपारपर्यंत बंद असते, त्यामुळे विमानांचा आवाज ऐकूच येत नाही. एकदा मंगळवारी सकाळी ७ वाजता त्या बाल्कनीत उभे राहून यावे. थेम्सचे पूर रोखणारा प्रसिद्ध बांध वूलिचच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे हे गाव समुद्राच्या बाजूला राहते आणि त्याचे रक्षण काठच्या भिंती करतात. सॉलिसिटरच्या तपासणीतील पुराचा भाग म्हणून नीट वाचावा.

फ्लॅटच्या आत शिरल्यावर दिशा पाहावी, वास्तुशास्त्रासाठी नव्हे तर उजेडासाठी. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, आणि एकाच बाजूला, तीही उत्तरेला, खिडक्या असलेल्या घरात हिवाळाभर दिवे लावून बसावे लागते. दिवाणखान्यातच मांडलेले स्वयंपाकघर चित्रात देखणे दिसते, पण चिमणी हवा बाहेर टाकते की गाळून पुन्हा घरातच सोडते हे विचारावे, नाहीतर फोडणीचा वास सोफ्यात कायमचा मुरेल. बाल्कनीत कपडे वाळत घालायला अनेक लीजमध्ये मनाई असते.

मुले असतील तर शेजारच्या प्लमस्टेडचा विचार अवश्य करावा. आर्सेनलमधल्या दोन बेडरूमच्या नव्या फ्लॅटच्या पैशांत तिथे बऱ्याचदा रांगेतले जुने व्हिक्टोरियन घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीच्या मालकीसह, मिळते. मागे लहानसे परस असते, सर्व्हिस चार्ज नसतो, आणि पंजाबी व नेपाळी वस्तीमुळे डाळी, कढीपत्ता, पीठ पायी जाऊन आणता येते. छप्पर आणि ओल मात्र आपल्यालाच निस्तरावी लागते, म्हणून बँकेच्या मूल्यांकनावर न थांबता घराची स्थिती तपासणारा स्वतःचा सर्व्हेअर नेमावा. महाराष्ट्र मंडळाची वास्तू लंडनच्या वायव्येला डॉलिस हिलमध्ये आहे, तेव्हा गणपतीसाठी प्लमस्टेडहून काय किंवा वूलिचहून काय, लांबचा प्रवास करावा लागणारच.

इंग्लंडमध्ये तोंडी होकार, किंवा लेखी स्वीकारलेला देकारसुद्धा, दोन्ही बाजूंनी सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणालाही बांधत नाही. विक्रेता अधिक पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो. अदलाबदलीच्या दिवशी सहसा १० टक्के रक्कम द्यावी लागते आणि तिथून माघार घेतल्यास ती बुडते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत हा धोका वाढतो, कारण बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत साधारण ६ महिने असते आणि ताबा मिळायला दोन-तीन वर्षे लागू शकतात. दरम्यान नोकरी किंवा व्हिसा बदलला तर पुन्हा नव्याने अर्ज करावा लागतो. वर्क व्हिसावरील अर्जदारांबाबत प्रत्येक बँकेचे नियम निराळे असल्याने अनेक बँकांचे काम पाहणारा ब्रोकर आधी गाठावा.

नवे घर ताब्यात घेतल्यावर दोष शोधणारा स्वतंत्र तपासनीस पहिल्याच आठवड्यात बोलवावा. सहसा पहिल्या २ वर्षांतील दोष बांधकाम करणाऱ्यानेच दुरुस्त करून द्यायचे असतात, म्हणून तपासनिसाची यादी छायाचित्रांसह ईमेलने पाठवावी आणि दुरुस्तीची तारीखही ईमेलवरच मागून घ्यावी.