नॅशव्हिलमध्ये गॉस्पेल अल्बमवर काम करायचं असेल तर

साउंड इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेतल्या नॅशव्हिलला येऊ पाहणारी मराठी मुलं-मुली मला माइक, कन्सोल आणि सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. ते सगळं इथे आल्यावर शिकता येतं. एका कंट्री गायकाच्या (कंट्री म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं लोकप्रिय संगीत) गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या, अल्बमवर मी असिस्टंट इंजिनिअर होते, तेव्हा मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती गाण्यांची ओळख. मी अहमदनगरच्या चर्चमध्ये वाढले. रविवारच्या उपासनेत ना. वा. टिळकांची गीतं म्हणायचो, आणि पाश्चात्त्य चालींवरची मराठी गीतंही. त्यातल्या कितीतरी चाली इथे स्टुडिओत पुन्हा भेटल्या. ज्यांना ही ओळख नाही त्यांनी येण्याआधी जुनी पन्नासेक हिम्स, म्हणजे चर्चमधली स्तोत्रगीतं, नीट ऐकावीत, चारही कडव्यांसकट.

कंट्री गायकाने गॉस्पेल गाणं हे इथे वळण बदलणं मानलं जात नाही. जॉनी कॅशने सन रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी सोडली त्यामागे गॉस्पेल अल्बम करायला मिळत नव्हता हे एक कारण होतं. कोलंबिया या दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर १९५९ मध्ये त्याने तो केलाच. एल्व्हिसला स्पर्धेत मिळालेले तिन्ही ग्रॅमी गॉस्पेलचे. अॅलन जॅक्सनने २००६चा अल्बम मुळात आईला द्यायला म्हणून रेकॉर्ड केला होता. यातली बहुतेक मंडळी गाणं चर्चमध्येच शिकली, त्यामुळे या अल्बमच्या वेळी गायक एरवीपेक्षा हळवा असतो आणि चालीत केलेला छोटासा बदलही त्याला खुपतो. असिस्टंटने हे ओळखून वागावं.

आता तयारी. निर्माता गाण्यांची यादी देतो, तेव्हा प्रत्येक गाण्यापुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि ती कधी छापली गेली हे वेगवेगळं लिहून ठेवा. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द जॉन न्यूटनचे, १७७९ मध्ये छापलेले, आज आपण ऐकतो ती चाल त्यांना १८३५ मध्ये जोडली गेली. दोन्ही सर्वांना खुली आहेत. ‘हाउ ग्रेट दाउ आर्ट’ तितकंच जुनं वाटतं, पण त्याचे इंग्रजी शब्द स्टुअर्ट हाइनचे, १९४९चे, आणि त्यावर अजून कॉपीराइट आहे. शिवाय जुन्या हिमची कोणी नव्याने केलेली मांडणी उचलली तर तिचेही हक्क बघावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण नवख्या माणसावर निर्मात्याचा विश्वास बसतो तो याच कामामुळे.

सेशन तीन तासांचं असतं: सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा या इथल्या ठरलेल्या वेळा. दहाचं सेशन म्हणजे दहाला पहिला सूर लागला पाहिजे. वादकांच्या पुढ्यात स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) नसतं, असतो नंबर चार्ट, ज्यात कॉर्डच्या नावाऐवजी आकडा लिहितात. ही पद्धत जॉर्डनेअर्स या गॉस्पेल चौकडीतल्या नील मॅथ्यूज यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीला बसवली आणि चार्ली मकॉय यांच्यामुळे ती वादकांत पसरली. जी मेजरमध्ये जी म्हणजे १, सी म्हणजे ४, डी म्हणजे ५. ‘अमेझिंग ग्रेस’ची पहिली ओळ १ १ ४ १ अशी लिहितात, दर आकड्याला तीन मात्रांचा एक बार. आकड्यापुढे आडवी रेघ असेल तर मायनर कॉर्ड; आकड्याभोवती चौकट तिरकी, हिऱ्यासारखी असेल तर कॉर्ड एकदा वाजवून घुमू द्यायची. गायक म्हणाला, “अर्धा स्वर खाली घेऊ,” तर कागदावरचा एकही आकडा बदलत नाही. पेटीवर काळी चारवरून पांढरी चारवर आलं तरी सरगम तीच राहते, तसंच हे. सरगम येणाऱ्याला नंबर चार्ट लवकर जमतो, म्हणून घरून निघतानाच तो सराव करून या.

आमचा गायक क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठरावीक टिकटिकीवर, गायला तयार नव्हता. त्याला पियानोच्या शेजारी उभं राहून, पियानोवाल्याचा श्वास दिसेल असं गायचं होतं. मग आवाजाच्या माइकमध्ये पियानो शिरतो आणि पियानोच्या माइकमध्ये आवाज. एखादा शब्द चुकला तर तेवढाच दुरुस्त करता येत नाही, अख्खं कडवं पुन्हा घ्यावं लागतं. वेगवेगळे टेक, म्हणजे एकेकदा सलग केलेली रेकॉर्डिंग, जुळवायचे तर लय आणि माइकपासूनचं अंतर दोन्ही सारखं हवं, म्हणून गायकाच्या पायाशी टेप लावणं आणि प्रत्येक टेकच्या नोंदीत कडव्याचा क्रमांक लिहिणं माझ्याकडे होतं. माझ्या मते गॉस्पेलसाठी हीच पद्धत योग्य आहे. कडव्याच्या शेवटी चर्चमध्ये गाणारी मंडळी थोडी थांबतात, तो थांबा क्लिकमध्ये बसतच नाही.

कोरसला आठ जण होते. तेच आठ जण जागा बदलून पुन्हा पुन्हा गातात आणि थर चढवले की मोठा समूह वाटतो. इथे लक्ष ठेवायचं ते हेडफोनवर: गाणारे एक कान उघडा ठेवतात, आणि मोकळा राहिलेला कप डोक्याला दाबून धरला नाही तर त्यातला आवाज माइकमध्ये येतो. कागद उलटण्याचा आवाज टाळायला शब्द एकाच बाजूला छापून स्टँडवर शेजारी शेजारी लावा.

शिक्षणासाठी बेलमाँट विद्यापीठ किंवा मर्फ्रीसबरोचं मिडल टेनेसी स्टेट बघा. ‘म्युझिक रो’ या स्टुडिओंच्या भागातल्या एका जुन्या चर्चमध्ये असलेला ओशन वे स्टुडिओ बेलमाँटच्या मालकीचा आहे. एफ-१ व्हिसावर असाल तर स्टुडिओतली इंटर्नशिप, बिनपगारी असली तरी, स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा आणि लागेल ती परवानगी लेखी घ्या. आणि काम संपलं की अल्बमच्या श्रेयनामावलीत आपलं नाव बरोबर लिहिलंय का, हे छापायला जाण्याआधी स्वतः तपासा. पुढचं काम लोक त्या नावावरूनच देतात.